पायथॉनमध्ये जे फंक्शन नव्हतंच: जीटीकेच्या बाइंडिंगांचा इतिहास कसा वाचावा

सिनॉप्सिस लिहायला बसलेली मुलं मला हमखास विचारतात की सॉफ्टवेअरचा इतिहास म्हणजे नेमकं वाचायचं काय? कोणत्या वर्षी कोणती आवृत्ती आली याची जंत्री तर कुठेही मिळते. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ आणि तोच धरून ठेवू. एका ग्राफिकल टूलकिटमध्ये एक फंक्शन आहे. त्याची माहिती छापलेली आहे, सी भाषेतून ते व्यवस्थित चालतं. पायथॉनमधून हाक मारली की मात्र उत्तर येतं, असं काही इथे नाही. ते का नाही? आणि एखादी गोष्ट ‘नसणं’ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का?

उदाहरण जीटीकेचं घेते. टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू, मजकुराच्या चौकटी हे सगळं तयार देणारा संच. बाइंडिंग म्हणजे एका भाषेत लिहिलेला हा संच दुसऱ्या भाषेतून वापरता यावा म्हणून मध्ये बसवलेला दुभाषी. जीटीके सी भाषेत आहे. पायथॉन, पर्ल, रूबी, जावास्क्रिप्ट या सगळ्यांना तिथे पोचायचं तर दुभाषी लागतोच.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस हे विद्यार्थी गिम्प नावाचा चित्रांवर काम करणारा प्रोग्राम लिहीत होते. सुरुवातीला त्यांनी मोटिफ हे टूलकिट वापरलं, पण ते मुक्त नव्हतं. मग मॅटिस यांनी स्वतःचंच लिहिलं, गिम्प टूलकिट, म्हणजे जीटीके. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम डेस्कटॉपची घोषणा केली आणि पाया म्हणून जीटीके निवडलं. केडीई ज्या क्यूटीवर उभं होतं त्याचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता, हे कारण सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. क्यूटी सी++ मध्ये होतं, जीटीके साध्या सी मध्ये, आणि सी ला दुसऱ्या भाषा जोडणं सोपं, असं मानलं जाई. ‘कोणत्याही भाषेत ग्नोमचा प्रोग्राम लिहा’ हे वचन त्या निवडीत होतं. एप्रिल १९९८ मध्ये जीटीके १.० आलं.

आता हे ‘सोपं’ कितपत खरं होतं ते बघू, कारण सगळा इतिहास त्या एका शब्दात अडकलेला आहे.

सी मधल्या फंक्शनची ओळख हेडर फाइलमध्ये असते. नाव, काय घेतं, काय परत देतं, बस्स. यंत्राने ही ओळ वाचून पायथॉनसाठी पूल बांधावा, इतकी साधी कल्पना. पण जीटीकेमधली दोन फंक्शनं शेजारी ठेवा. एक चौकटीतला मजकूर देतं, ‘एन्ट्री गेट टेक्स्ट’. दुसरं मजकुराचा तुकडा कापून देतं, ‘एडिटेबल गेट कॅरॅक्टर्स’. दोन्हींतून हातात पडतो मजकूरच. पहिला मात्र चौकटीच्याच मालकीचा असतो, लायब्ररीचं पुस्तक असावं तसा. तो तुम्ही मेमरीतून पुसायचा नाही. दुसरा तुमच्यासाठी नवीन बनवलेला असतो आणि तो पुसायची जबाबदारी तुमची. उलटं केलंत तर प्रोग्राम कोसळतो, नाहीतर मेमरी गळत राहते. या जोडीत हेडरमध्ये ‘कॉन्स्ट’ या एका शब्दाची खूण तरी आहे. यादी परत देणाऱ्या फंक्शनांमध्ये तीही नाही. ‘कंटेनर गेट चिल्ड्रन’ एक यादी देतं. त्यात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत हे हेडर सांगत नाही. यादी पुसायची पण आतल्या वस्तूंना हात लावायचा नाही, हेही सांगत नाही. सी चा प्रोग्रामर माहितीपुस्तिकेतलं वाक्य वाचतो आणि लक्षात ठेवतो. यंत्राला ते वाक्य वाचता येत नाही.

म्हणजे हेडरमध्ये जे लिहिलेलं नाही ते कुणीतरी, कुठेतरी, हाताने लिहायलाच हवं. माझ्या दृष्टीने जीटीकेच्या बाइंडिंगांचा इतिहास म्हणजे हे न लिहिलेलं कुणी लिहायचं, याची वीस वर्षं चाललेली वाटणी. आणि फंक्शन गायब होतं ते बहुतेक वेळा या वाटणीच्या शिवेवर.

पहिल्या काळात हे काम बाइंडिंग लिहिणाऱ्याचं होतं. पायथॉनचं बाइंडिंग, पायजीटीके, ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हेनस्ट्रिज यांनी सुरू केलं. त्यात ‘डेफ्स’ नावाच्या फाइली असत, लिस्पसारख्या कंसांनी भरलेल्या. एक स्क्रिप्ट हेडर वाचून डेफ्सचा कच्चा मसुदा काढायची आणि मग माणूस त्यात भर घालायचा: परत आलेली वस्तू बोलावणाऱ्याच्या मालकीची, इथे काहीच दिलं नाही तरी चालेल, वगैरे. दुसरं यंत्र त्यावरून सी चा कोड बनवायचं. जे यंत्राला जमणारच नाही ते ‘ओव्हरराइड’ फाइलींमध्ये हाताने लिहिलेलं असे. कितीही मूल्यं घेणारी फंक्शनं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. सी मध्ये अशा फंक्शनला तुम्ही पाच गोष्टी द्या नाहीतर पंधरा, पण बाहेरच्या भाषेतून ती संख्या आणि ते प्रकार आयत्या वेळी जुळवणं यंत्राच्या कुवतीबाहेरचं. यादीचा साठा बनवणारं फंक्शन असंच होतं, आणि त्याच्याशिवाय तर पानही हलत नाही. म्हणून ते कुणीतरी बसून लिहिलं.

संशोधकाच्या नजरेने मला या काळातलं सगळ्यात मोलाचं साधन वाटतं ते बिल्डचा लॉग. कोड बनवणाऱ्या यंत्राला एखादा प्रकार कळला नाही की ते ‘अमुक मेथड लिहिता आली नाही, या प्रकाराची माहिती नाही’ अशी ओळ सोडून पुढे जायचं, आणि शेवटी किती फंक्शनं झाकली गेली याची टक्केवारी छापायचं. विचार करा, अनुपस्थितीची नोंद यंत्राने स्वतः करून ठेवली आहे! अभिलेखागारात असं भाग्य क्वचितच वाट्याला येतं.

पण टक्केवारी दिसली की लगेच तक्ता काढायला बसू नका. ओव्हरराइड फाइलींमध्ये ‘इग्नोर’ची यादीही असे. त्या यादीत टाकलेल्या फंक्शनबद्दल यंत्र तक्रार करत नसे. आता त्या यादीत पायथॉनला खरोखर नको असलेली फंक्शनं आहेत (मेमरी पुसणारी, अंतर्गत वापराची) आणि काही, मला वाटतं, ‘नंतर बघू’ म्हणून टाकलेलीही आहेत. लॉगमध्ये गवगवा झालेली उणीव आणि इग्नोरमध्ये शांत झोपलेली उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय, हजारदा लागणारं फंक्शन आणि वर्षात एकदा लागणारं फंक्शन टक्केवारीत सारखंच वजन घेतं. म्हणून लॉग आणि ओव्हरराइड फाइल समोरासमोर ठेवून वाचाव्या लागतात.

या व्यवस्थेचा बोजा उघड होता. पायथॉनवाले जी माहिती डेफ्समध्ये लिहीत होते तीच पर्लवाले आपल्या फाइलींत लिहीत होते, आणि मोनोच्या सी शार्पवाले आपल्या एक्सएमएलमध्ये. एकाच फंक्शनबद्दलचं तेच वाक्य चार ठिकाणी. जीटीकेची नवी आवृत्ती आली की चारही ठिकाणी पुन्हा तेच. आणि हे बहुतेक फावल्या वेळात काम करणारे मोजके लोक. एखादा मेंटेनर नोकरीत अडकला, की त्या भाषेत नवी फंक्शनं येणं थांबलं. ‘उणीव’ हा शब्द तांत्रिक वाटतो, पण तिच्यामागे अनेकदा कुणाच्या तरी रविवारांचा हिशेब असतो.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर जो उपाय उभा राहिला त्याचं नाव जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन. तो उभा करणाऱ्यांमध्ये पायजीटीकेचे मेंटेनर योहान डालिन होते, हे लक्षात घ्या. ज्याच्या पाठीवर ओझं होतं तोच गाडी शोधत होता. कल्पना अशी की न लिहिलेली माहिती एकदाच लिहायची, तीही मूळ सी च्या कोडमध्ये, फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये, ठरलेल्या शब्दांत. ‘ट्रान्सफर फुल’ म्हणजे मालकी तुमची. ‘ट्रान्सफर नन’ म्हणजे लायब्ररीचं पुस्तक. ‘ट्रान्सफर कंटेनर’ म्हणजे यादी तुमची, आतल्या वस्तू नाहीत. ‘एलिमेंट टाइप’ म्हणजे यादीत काय आहे ते. एक स्कॅनर हे सगळं वाचून फाइल बनवतो आणि कोणतीही भाषा चालू प्रोग्राममध्येच ती फाइल वाचून पूल बांधते. पायथॉनसाठी हे काम पायजीऑब्जेक्टने घेतलं.

नीट बघा, इथे नुसतं तंत्र बदललं नाही, जबाबदारी सरकली. पूर्वी फंक्शन सापडलं नाही तर तुम्ही बाइंडिंगच्या मेंटेनरकडे जायचात, आणि तो पायथॉनवालाच असायचा. आता चूक असायची ती सी च्या कॉमेंटमध्ये, ज्या लोकांनी आयुष्यात पायथॉनमधून ते फंक्शन बोलावलेलं नसेल त्यांच्या घरात. दुरुस्ती एका शब्दाची असे, पण ती तुमच्यापर्यंत येणार जीटीकेच्या पुढच्या आवृत्तीबरोबर, कारण ती वर्णनाची फाइल लायब्ररीसोबतच येते. जुनी लिनक्स आवृत्ती वापरणाऱ्याने काय करायचं? थांबायचं. पायजीऑब्जेक्टमध्येही म्हणूनच ओव्हरराइडचं फोल्डर शिल्लक राहिलं, या वेळी पायथॉनमध्ये लिहिलेलं. ज्या जागा तेव्हा हाताने भराव्या लागत, त्यांतल्या बऱ्याच आताही हातानेच भराव्या लागल्या.

एका फंक्शनची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिच्यात हे सगळं एकत्र दिसतं. क्लिपबोर्ड. आपण कॉपी म्हणतो तेव्हा प्रोग्राम लगेच काहीच देत नाही. तो जाहीर करतो की माझ्याकडे अमुक मजकूर आहे आणि तो साधा, एचटीएमएल, फाइलींची यादी अशा अमुक रूपांत देऊ शकतो. दुसरीकडे पेस्ट झालं की त्याला विचारणा होते, आणि तेव्हा तो हवं ते रूप तयार करून देतो. जीटीकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत हे काम करणारं फंक्शन होतं ‘क्लिपबोर्ड सेट विथ डेटा’. त्याला दोन कॉलबॅक द्यायचे. एक मागणी आल्यावर माल देणारा, दुसरा क्लिपबोर्डवर कुणी नवीन काही ठेवलं की आवराआवर करणारा. आणि दोघांना मिळून तुमच्या माहितीचं एकच गाठोडं.

पायजीटीकेमध्ये हे फंक्शन होतं. हाताने लिहिलेलं, चालणारं. जीटीके ३ वर, नव्या व्यवस्थेत, ते पायथॉनमधून नाहीसं झालं. सी च्या कॉमेंटमध्ये त्याच्यावर ‘स्किप’ अशी खूण आहे, म्हणजे इतर भाषांना हे दाखवू नका. साधा मजकूर आणि चित्र ठेवणारी सोपी फंक्शनं राहिली, पण स्वतःच्या रूपातला माल क्लिपबोर्डवर ठेवण्याचा हा रस्ता बंद.

का? माझं वाचन असं. कॉलबॅक द्यायचा म्हटलं की दुभाष्याला एक गोष्ट कळलीच पाहिजे: हे गाठोडं कधी सोडायचं? नव्या शब्दसंग्रहात याची उत्तरं ठरलेली होती. कॉलबॅक या हाकेपुरताच आहे, किंवा एकदाच बोलावला जाईल, किंवा ‘आता संपलं’ असं सांगणारं ठराविक आकाराचं एक वेगळं फंक्शन सोबत आहे. क्लिपबोर्डचं फंक्शन यातल्या कशातच बसत नाही. आवराआवर करणारा कॉलबॅक संपल्याची खबर देतो खरा, पण तो ठराविक आकाराचा नाही, त्याला स्वतःचंही काम आहे आणि गाठोडं दोघांत सामायिक आहे. सी च्या माहितीपुस्तिकेत हे सगळं इंग्रजी वाक्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. माणसाने ते वाचून पायजीटीकेत पूल बांधला होता. नव्या व्यवस्थेच्या शब्दकोशात मात्र त्या वाक्याला शब्दच नव्हता.

इथे माझं मत थोडं कडक आहे. नव्या व्यवस्थेची स्तुती करताना ‘आता सगळ्या भाषांना सगळं आपोआप मिळतं’ असं सर्रास लिहिलं जातं. ‘सगळं’ म्हणजे शब्दसंग्रहात बसेल तेवढं सगळं. सरासरीने उणिवा खूप कमी झाल्या, यात शंका नाही. पण ज्याचा प्रोग्राम त्या एका फंक्शनवर उभा होता त्याच्यासाठी सरासरीचा काही उपयोग नव्हता. सीटाइप्सने थेट लायब्ररीत शिरणं हा एक मार्ग होता, पण मेमरीचे ते सगळे जुने धोके मग तुमच्याच डोक्यावर.

या बदलाला वेळही विचित्र मिळाली. पायजीटीकेची शेवटची आवृत्ती २.२४ आली ती २०११ मध्ये, जीटीके ३.० ज्या वर्षी आलं त्याच वर्षी. पायथॉन ३ वर पायजीटीके कधी गेलंच नाही. म्हणजे लोकांना टूलकिट, बाइंडिंग आणि पुढेमागे भाषाही, तिन्ही बदलायची होती. नावं बदलून देणारी एक स्क्रिप्ट मिळत होती. जुनं नाव शोध, नवं नाव टाक. पण जे नव्या घरात नव्हतंच त्याचं नाव ती काय बदलणार?

हे फक्त अमेरिका-युरोपातल्या डेस्कटॉपवाल्यांचं होतं असं समजू नका. वन लॅपटॉप पर चाइल्ड या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरातच्या छोट्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवरचा शुगर हा इंटरफेस पायथॉनमध्ये आणि पायजीटीकेवर होता. पुढे शुगरलाही जीटीके ३ कडे जावं लागलं, आणि मुलांसाठी लिहिलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी एकेक करून हलवाव्या लागल्या.

डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आलं आणि क्लिपबोर्ड नव्याने लिहिलेला होता. दोन कॉलबॅक आणि एक गाठोडं ही रचना गेली. आता ‘कंटेंट प्रोव्हायडर’ नावाची एक वस्तू बनवायची, तिच्यात माल ठेवायचा आणि ती क्लिपबोर्डला द्यायची. वस्तू कधी सोडायची हे जीटीकेच्या वस्तूंच्या सर्वसाधारण नियमाने ठरतं, त्यामुळे पायथॉनला ते वेगळं सांगावं लागत नाही. गेलेली सोय परत आली, पण त्यासाठी मूळ सी ची रचनाच बदललेली होती.

प्रबंधात इथे मोह होतो: ‘बाइंडिंगांच्या उणिवांमुळे जीटीके ४ चा क्लिपबोर्ड बदलला.’ वाक्य छान आहे, पण लिहू नका. वेलँड आल्यामुळे क्लिपबोर्डचं काम तसंही नव्याने मांडावं लागणार होतं, आणि जीटीकेच्या आतल्या थरांची फेररचनाही चालू होती. बाइंडिंगांची अडचण हे अनेक कारणांपैकी एक असू शकतं, आणि तिचं वजन किती ते त्या बदलांच्या कमिट-संदेशांत शोधावं लागेल. कुणाला छोटा शोधनिबंध हवा असेल तर हा विषय मोकळा आहे.

गिम्पचंही सांगायला हवं, कारण जीटीके ज्याच्यासाठी जन्मलं तो प्रोग्राम सगळ्यात उशिरा पोचलेल्यांत आहे. गिम्प २.१० जीटीके २ वरच होतं आणि त्याची पायथॉनची सोय पायथॉन २ आणि पायजीटीकेवर. १ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा पाठिंबा संपला, डेबियन आणि उबुंटूने ती सोय काढून टाकली. तिथल्या वापरणाऱ्यांच्या दृष्टीने एके दिवशी गिम्पमधलं पायथॉनच गेलं. गिम्प ३.० आलं मार्च २०२५ मध्ये. त्यात पायथॉन ३ आहे आणि तो इंट्रोस्पेक्शनमधूनच बोलतो.

शेवटी एक उणीव, जी कोणत्याही लॉगमध्ये सापडणार नाही. ‘मराठी’ हा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबाने त्यात पाच खुणा आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे पंधरा बाइट. जीटीकेमध्ये मजकूर मांडण्याचं काम पँगो ही लायब्ररी करते आणि तुकडा ठळक करा, रंगवा असं सांगताना पँगो जागा बाइटमध्ये मोजते. जीटीकेचं लेबल निवडलेला भाग सांगताना अक्षरखुणांमध्ये मोजतं. हेडरमध्ये दोन्हीकडे नुसता पूर्णांक. ‘ट्रान्सफर’, ‘एलिमेंट टाइप’ यांच्यासारखा ‘हा आकडा बाइटचा’ असं सांगणारा शब्द त्या शब्दसंग्रहात नाही, त्यामुळे दुभाषी आकडा जसाच्या तसा पुढे ढकलतो. पायथॉन २ मध्ये साध्या स्ट्रिंगची लांबी बाइटमध्येच यायची, पंधरा, आणि पँगोशी ती आपोआप जुळायची. पायथॉन ३ मध्ये ती पाच येते. जुना कोड एक अक्षरही न बदलता नव्या पायथॉनवर आणला की तो निम्म्याहून कमी शब्द ठळक करतो. ‘हॅलो’ इंग्रजीत लिहून तपासलं तर प्रत्येक अक्षर एकाच बाइटचं, दोन्ही मोजण्या सारख्याच येतात आणि काहीच बिघडलेलं दिसत नाही.